करंडक ठेवायला जागा नाही... पुढे काय?

कॉलेजात असताना करंडक आणि पन्नाशीनंतर मानधन. मधली पंचवीस वर्षं कलाकाराने शिकायचं कधी, आणि कोणाच्या पैशांवर? नोकरी सांभाळून नाटकांचे 'लाइट्स' करणाऱ्या एका मैत्रिणीला फेलोशिप मिळाली आणि आमच्या अख्ख्या ग्रुपची झोप उडाली...

तिच्या घरी गेलं की आधी करंडक दिसतात. कर्वेनगरमधला वन बीएचके, टीव्हीच्या वर एक शेल्फ आणि त्यावर ओळीने अकरा करंडक. तीन 'प्रकाशयोजना - प्रथम', चार द्वितीय, बाकीचे सांघिक. एकात स्कूटीची किल्ली असते, एकात सुट्टे पैसे आणि एकात (हे तिच्या आईला अजिबात पटत नाही) जुन्या रंगीत जिलेटिनचे तुकडे. दर रविवारी आई सगळ्यांवरून फडकं फिरवते आणि दर रविवारी म्हणते, "आता पुढचा आणलास तर फ्रिजवर ठेवावा लागेल."

नाव छापायचं नाही या अटीवरच ती बोलायला तयार झाली. कारण तिच्या टीम लीडच्या टेबलावर हा अंक दर आठवड्याला पडलेला असतो! तर आपण तिला नुसतं 'ती' म्हणू. वय ३१. दिवसा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग, संध्याकाळी तालमीचा हॉल, आणि प्रयोग असेल त्या दिवशी 'डेंटिस्टची अपॉइंटमेंट'. एका वर्षात तिची एवढी दातांची कामं झाली, की मॅनेजरने एकदा काळजीने एका चांगल्या डॉक्टरचा नंबर दिला होता.

गेल्या नोव्हेंबरमध्ये रात्री पावणेबाराला तिचा फोन आला. "मिळाली." मग बराच वेळ काहीच नाही. मग, "आता काय करू गं?"

मिळाली होती ती सहा महिन्यांची फेलोशिप. एका छोट्या कौटुंबिक ट्रस्टची, महिना १५ हजार रुपये. अट एकच : एका ज्येष्ठ प्रकाशयोजनाकाराच्या हाताखाली सहा महिने पूर्णवेळ काम करायचं. 'पूर्णवेळ' हा शब्द पत्रात ठळक छापलेला. हिशेब करायला कॅल्क्युलेटर लागत नव्हता. सहा महिन्यांचे मिळणार ९० हजार. घराचा हप्ता महिना साडेसत्तावीस हजार, म्हणजे सहा महिन्यांचे एक लाख ६५ हजार. पगार बंद. आणि ते ज्येष्ठ गृहस्थ राहतात मुंबईत.

आईला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. आईने आधी पेढे आणले. मग सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बक्षीसच आहे ना? मग त्यासाठी नोकरी कशाला सोडायची?"

प्रश्न आईचा असला तरी आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात थोडा हाच गोंधळ असतो.

पावती की अॅडव्हान्स?

करंडक म्हणजे झालेल्या कामाची पावती. फेलोशिप म्हणजे अजून न झालेल्या कामाचा अॅडव्हान्स. करंडक घेताना तुम्हाला काहीतरी येत असतं, म्हणून टाळ्या. फेलोशिप मागताना तुम्हाला लिहून द्यावं लागतं, की मला अमुक गोष्ट येत नाही आणि ती शिकायला एवढे दिवस आणि एवढे पैसे लागतील. अप्रेझल फॉर्ममध्ये 'एरियाज ऑफ इम्प्रूव्हमेंट' भरताना आपण किती सफाईदार खोटं बोलतो ते आठवा. इथे नेमकं तेच खरं लिहायचं असतं!

पावत्या फाडण्यात आपण महाराष्ट्रात पटाईत आहोत. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक भरवतंय आणि आजही भरत नाट्य मंदिरात त्या दिवसांत बाहेरच्या आरोळ्या ऐकून कान किटतात. मुंबईत १९९९ पासून पंचविशीच्या आतल्यांसाठी 'थेस्पो' आहे. शिवाय गावोगावच्या एकांकिका स्पर्धा. विशी-बाविशीतल्या पोराला हौस असेल तर स्टेज मिळतंच.

आता दुसरं टोक बघा. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. २०२४ मध्ये ती रक्कम सरसकट महिना पाच हजार रुपये झाली. त्यासाठी वय हवं पन्नाशीच्या पुढे.

म्हणजे पंचविशीच्या आत करंडक आणि पन्नाशीनंतर मानधन! मधली पंचवीस वर्षं? हौशी मंडळींसाठी राज्य नाट्य स्पर्धा आहे, व्यावसायिक नाटकांच्या निर्मितीला सरकारी अनुदानही आहे. पण ते नाटकाला. माणसाला थांबून, नवीन काही शिकून, परत यायला पैसे देणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि नेमक्या याच वर्षांत लग्न, हप्ता, मुलांच्या शाळा आणि आईबाबांचे गुडघे असं सगळं एकदम येतं. नाटक 'सुटलेल्या' माणसांची यादी करून बघा. बहुतेकांचं २७ ते ३३ च्या मध्येच कधीतरी सुटलेलं असतं. भांडण नाही, कंटाळा नाही. नुसती एक तालीम चुकते, मग दुसरी.

मद्रासचा नोकरदार आणि नेपियन सी रोडचा फ्लॅट

फेलोशिपने होतं काय, हे बघायचं तर थोडं मागे जाऊ या. फार नाही, आपल्या आईबाबांच्या कॉलेजच्या दिवसांपर्यंत.

ऑक्सफर्डहून शिकून आलेला एक तरुण १९६३ पासून मद्रासच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरी करत होता. सात वर्षं. इंग्रजी पुस्तकांचं ऑफिस, बरी पोस्ट आणि सोबत कन्नड नाटकं लिहिणं. १९७० मध्ये त्याने नोकरी सोडली. त्याच वर्षी त्याला होमी भाभा फेलोशिप मिळाली होती, दोन वर्षांची. 'हयवदन' आलं १९७१ मध्ये. माथेरानला जन्मलेले हे गिरीश कार्नाड. फेलोशिप नसती तर 'हयवदन' झालंच नसतं, असं म्हणायचा आचरटपणा मी करणार नाही. पण राजीनाम्याचं पत्र टाइप करताना खिशात दोन वर्षांची सोय असणं आणि नसणं, यात फरक असतो हे कुठल्याही नोकरदाराला कळेल. (होमी भाभा स्वतः उत्तम चित्रं काढायचे. १९६६ मध्ये विमान अपघातात ते गेले आणि त्यानंतर त्यांच्या नावाने मुंबईतून ही फेलोशिप सुरू झाली. शास्त्रज्ञांबरोबर ती कलावंतांनाही मिळावी, हे त्यांना शोभणारंच.)

विजय तेंडुलकरांना १९७३-७४ मध्ये नेहरू फेलोशिप मिळाली. विषय होता समाजात वाढत चाललेली हिंसा आणि आजच्या रंगभूमीशी तिचं नातं. त्यासाठी ते देशभर हिंडले. 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' तेव्हा लिहून झाली होती, नाव झालेलं होतं, वाद अंगावर घेऊन झाले होते. कोणी म्हणालं असतं, आता यांना काय शिकायचंय? त्यांना मात्र बघायचं होतं.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आहे ती चित्रकार अकबर पदमसींची. त्यांनाही नेहरू फेलोशिप मिळाली, १९६९ मध्ये. मोठे चित्रकार, एकट्याने स्टुडिओत बसून दोन वर्षं निवांत चित्रं काढता आली असती. त्यांनी काय केलं? नेपियन सी रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' नावाची जागा उघडली. तिथे सोळा एमएमचा कॅमेरा आणला, फोटोंसाठी डार्करूम केली आणि चित्रकार, फोटोग्राफर, सिनेमावाले, अॅनिमेशनवाले, एक मनोविश्लेषक अशा भिन्न जातीच्या माणसांना म्हणाले, या, वापरा! मणी कौल, कुमार शहानी तिथे यायचे. जे. जे. मधून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगीही यायची, तिथल्या सगळ्यांत धाकट्यांपैकी. तिने तिथे कॅमेरा हाताळून 'ड्रीम हाउसेस' नावाची छोटी फिल्म केली. ती नलिनी मालानी. पुढे व्हिडिओ आर्टमध्ये तिचं नाव जगभर झालं.

पदमसींनी स्वतःही तिथे दोन फिल्म केल्या. एक 'सिझिजी'. दुसरी 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर', जिची एकमेव प्रिंट पुढे हरवली! २०१६ मध्ये आशिम अहलुवालियाने ऐंशीच्या घरातल्या पदमसींना बरोबर घेऊन त्या हरवलेल्या फिल्मवर नवी फिल्म केली. ते वर्कशॉप चाललं जेमतेम तीन वर्षं. हिशेबाच्या वहीत बघितलं तर एका माणसाची फेलोशिप. निघालं मात्र निदान डझनभर माणसांचं शिक्षण.

त्याच्याही आधी वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. तिथे चित्रकारांना नाममात्र पैशांत स्टुडिओ मिळायचे. गायतोंडे, हुसेन तिथे काम करायचे, अल्काझींच्या तालमी व्हायच्या, रविशंकरांची संगीतशाळा भरायची. एकाच आवारात! ती वास्तू आता नाही, तिथे टॉवर आहे. त्या भागातून टॅक्सीने जाताना मला उगाचच चुटपुट लागते. आपल्या पिढीने जे पाहिलेलंच नाही त्याचीही.

आज कोण देतं?

इतिहास झाला, आता कामाचं. सगळ्यात जास्त संख्येने मिळतात त्या केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या. ज्युनिअर फेलोशिप २५ ते ४० वयोगटासाठी, महिना १० हजार. सीनिअर चाळिशीनंतर, महिना २० हजार. दोन्ही दोन वर्षांच्या आणि दोन्हींत वर्षाला जास्तीत जास्त प्रत्येकी २०० जण. पैसे दर सहा महिन्यांनी, चार हप्त्यांत. म्हणजे ज्युनिअरला एका वेळी ६० हजार, आणि मधे अहवाल द्यायचा. एक गोष्ट मात्र अर्ज भरण्याआधी वाचा : ही फेलोशिप संशोधनासाठी आहे, क्लास लावण्यासाठी नाही. आमच्या मैत्रिणीने पहिल्यांदा इथेच माती खाल्ली होती. 'मला लाइट्स शिकायचे आहेत' असं भाबडेपणाने लिहून आली. 'तमाशाच्या फडात पेट्रोमॅक्सपासून एलईडीपर्यंत उजेड कसा बदलत गेला' असं काही लिहिलं असतं, तर निदान दारातून आत तरी गेली असती.

शिकण्यासाठीच हवी असेल तर मंत्रालयाचीच तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती आहे. १८ ते २५ वयोगट, महिना पाच हजार, दोन वर्षं, गुरूकडे शिकायला. पण तिथेही पुन्हा पंचविशीची भिंत.

बाहेर डोकवायचं असेल तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट. याची कुळकथा भारी आहे. चार्ल्स वॉलेस हा कलकत्त्यात व्यापार करून गब्बर झालेला इंग्रज १९१६ मध्ये वारला आणि मृत्युपत्रात उरलीसुरली इस्टेट ब्रिटन आणि ब्रिटिश इंडिया या दोन्ही खजिन्यांच्या नावे करून गेला. नंतर ब्रिटिश इंडियाच उरला नाही! मग तो वाटा कोणाचा, हे ठरता ठरता १९८१ उजाडलं आणि भारताच्या वाट्याचा हा ट्रस्ट झाला. त्यातून कलाकार आणि वारसा जपणारी माणसं ब्रिटनला जाऊन शिकून येतात. यात 'वारसा जपणारी' हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे जुनं तैलचित्र किंवा पोथी दुरुस्त करणारे कॉन्झर्व्हेटरसुद्धा.

पुण्यात साहित्य रंगभूमी प्रतिष्ठानाने विनोद दोशींच्या नावाने तरुण रंगकर्मींना फेलोशिप दिल्या आहेत. दोशी म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे, तुमच्या-आमच्या लहानपणीच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे. गाड्या गेल्या, नाटकवाल्यांच्या तोंडी नाव राहिलं.

आणि बंगळुरू. तिथल्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सने १९९५ पासून देशभरातल्या कलाकारांना अनुदान दिलंय. दोन गोष्टींसाठी त्यांचं कौतुक. एक, अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत चालतो. मराठीत लिहा, चालतंय की! दुसरी, २०१४ मध्ये त्यांनी खास बंगळुरू शहरासाठी 'प्रोजेक्ट ५६०' सुरू केलं. ५६० म्हणजे त्या शहराच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे. आपल्या गल्लीबद्दल, मोहल्ल्याबद्दल, जुन्या थिएटरबद्दल काही करायचं असेल तर पैसे. पुण्याचे आकडे ४११, मुंबईचे ४००. आकडे आहेत, मोकळ्या जागा आहेत, माणसंही आहेत. ४११ नावाचा एखादा प्रोजेक्ट निघाल्याचं तुमच्या कानावर आलं, तर मला मध्यरात्री उठवून सांगा.

टाळ्या पडद्यामागे पोचत नाहीत

यादी वाचताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. नट, लेखक, दिग्दर्शक, गायक, चित्रकार यांच्यासाठी निदान काहीतरी आहे. पण नाटक, प्रदर्शन किंवा महोत्सव उभा राहतो तो आणखी दहा जणांच्या जिवावर. लाइट्स, नेपथ्य, ध्वनी, वेशभूषा, तिकीटविक्री, हिशेब, गॅलरीत चित्रं टांगणारा माणूस... यांनी शिकायचं कुठे? बहुतेकांचं शिक्षण 'अरे, जरा ती वायर धर' या वाक्याने सुरू होतं आणि कधी कधी तिथेच संपतं.

याही बाजूने थोडं काम झालंय. नाटकमंडळी चालवणाऱ्यांना पैसा, माणसं आणि नियोजन शिकवणारा 'स्मार्ट' नावाचा कोर्स इंडिया थिएटर फोरम, आयएफए आणि मुंबईची 'जुनून' यांनी मिळून काढला. मॅक्स म्युलर भवनाच्या पुढाकाराने कला-व्यवस्थापकांसाठी 'आर्थिंक साउथ एशिया' फेलोशिप सुरू झाली. नाटकवाल्याला बॅलन्सशीट वाचता येणं ही विनोदाची गोष्ट राहिलेली नाही. तुमच्यातल्या एमबीए मंडळींनी हे वाचून कान टवकारले असतील तर बरंच आहे.

पण लाइट्सवाल्यांसाठी? आमच्या मैत्रिणीने तीन वर्षांत पाच अर्ज केले. एका ठिकाणाहून दहा महिन्यांनी नकार आला, तोही दुसऱ्याच कोणाच्या नावाने. एका मुलाखतीत तिला विचारलं, "पण तुम्ही कलाकार आहात की टेक्निशियन?" ती म्हणाली, "काळोख कधी करायचा ते मी ठरवते. तुम्हीच सांगा." ती फेलोशिप मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

चौकट : अर्ज लिहिताय?

पाच अर्जांतून तिने काढलेला अर्क, तिच्याच शब्दांत. "आपण किती थोर, हे पहिल्या पानावर लिहू नका, ते सगळेच लिहितात. काय येत नाही ते लिहा, आणि ते कोणाकडून, कुठे, किती दिवसांत शिकणार तेही. त्या माणसाचं संमतीचं पत्र आधी घ्या. बजेटमध्ये स्वतःच्या जेवणाखाण्याचे पैसे लाजून शून्य टाकू नका, वाचणाऱ्याला वाटतं हिला हिशेबच कळत नाही. कामाचा व्हिडिओ तीन मिनिटांचा ठेवा आणि नाटकाचे लाइट्स मोबाइलवर शूट करू नका, सगळं एक तर पांढरं दिसतं नाही तर काळं. आणि नोकरी करत असाल तर ते लपवू नका. लपवलं तर पुढे 'पूर्णवेळ' शब्दापाशी गाडं अडतं. मला विचारा!"

आमची पुस्ती : पैसे आल्यावर टॅक्सचं काय ते ओळखीच्या सीएला विचारून घ्या. फेलोशिप, शिष्यवृत्ती आणि मानधन या तिन्हींकडे आयकर खातं एकाच नजरेने बघेलच असं नाही.

एप्रिलचं एप्रिलला

तर पुन्हा त्या पावणेबाराच्या फोनवर. पुढचे तीन आठवडे आमचा कॉलेजचा ग्रुप दुसरं काही बोलतच नव्हता. एचआरने सांगितलं, बिनपगारी लांब रजा 'उच्च शिक्षणा'साठी मिळते, कॉलेजचं नाव टाका. तिने कॉलेजच्या रकान्यात त्या ज्येष्ठ गृहस्थांचं नाव टाकलं! दोन दिवस फॉर्म कुठेतरी फिरत राहिला आणि शेवटी मंजूर झाला. पण सहा महिन्यांऐवजी तीन. जानेवारी ते मार्च.

पैशांचं गणित आमच्यातल्या सीएने मांडलं. बचतीतून अर्धा हप्ता, फेलोशिपमधून मुंबईचा खर्च (डोंबिवलीला मावशी आहे, म्हणून भाडं शून्य) आणि उरलेला खड्डा महिना साधारण दहा हजारांचा. आम्ही दहा जण. प्रत्येकी हजार. एका वीकेंडचं मल्टिप्लेक्स, पॉपकॉर्न आणि येता-जाता कॅब. सरकारची ज्युनिअर फेलोशिप बरोब्बर एवढीच असते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला हसूच आलं. फेलोशिप द्यायला टाटा असावं लागत नाही, दहा मित्र नोकरीला असले तरी भागतं.

पण ती ऐकेना. "मदत नको. मला दया घेता येत नाही." शेवटी तिनेच तोड काढली. आम्हाला रीतसर अर्ज केला, एक पानी, बजेटसकट. सीएने त्यावर पेन्सिलने प्रश्न काढला : 'डिलिव्हरेबल्स काय?' उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'मार्चअखेर सर्व सभासदांना केबल गुंडाळायला शिकवीन.' आम्हाला वाटलं, विनोद आहे.

जानेवारीत ती गेली. पहाटेची डोंबिवली लोकल, उभ्याने. पहिल्या आठवड्यात तिने एकाही दिव्याला हात लावला नाही. सरांनी लावू दिला नाही. अकरा करंडकवाली ही मुलगी आठवडाभर फक्त केबल गुंडाळत होती. दुसऱ्या आठवड्यात शिडी धरली. तिसऱ्या आठवड्यात सरांनी तिला रिकाम्या स्टेजवर एकच दिवा दिला आणि सांगितलं, एका खुर्चीवर सकाळ कर. मग त्याच दिव्यात संध्याकाळ कर. चार दिवस ती तेवढंच करत होती. फोनवर म्हणाली, "स्पर्धेत आम्हाला सेटिंगला मिळतात मोजकी मिनिटं. मी आयुष्यात पहिल्यांदा चार दिवस एका खुर्चीकडे बघितलंय."

फेब्रुवारीच्या शेवटी मी कामासाठी मुंबईत होते, म्हणून तिला भेटायला थिएटरवर गेले. प्रयोग संपला होता, सेट उतरवायचं काम चालू होतं. बॅकस्टेजच्या मुलांत ती बेमालूम मिसळून गेली होती, खांद्यावर केबल, हाताला काळे डाग. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. हप्ता कापल्याचा मेसेज. तिने बघितला आणि फोन खिशात टाकला.

"एप्रिलचं काय ठरलं?" मी विचारलं. कंपनीला ३१ मार्चच्या आत कळवायचंय, येणार की नाही. फेलोशिपचे तीन महिने अजून उरतात.

"एप्रिलचं एप्रिलला. आईने मागच्या आठवड्यात विचारलं, तुझे सर महिन्याला किती कमावतात? मी सरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, आईंना सांग, काही महिने खूप, काही महिने काहीच नाही." ती हसली. "आई म्हणाली, निदान खरं तरी बोलतात."

मग तिने एक लांब केबल माझ्या हातात दिली. "चल, तुझा हजार रुपयांचा हिशेब चुकता करते." मी ती हातावर आणि कोपरावर घेऊन गोल गोल गुंडाळायला लागले, आपण सगळेच गुंडाळतो तशी. तिने लगेच थांबवलं. "अशी नाही. अशाने आत पीळ बसतो, आतली तार तुटते आणि ऐन प्रयोगात दिवा जातो. एक वेटोळं सरळ घे. आता मनगट वळव. दुसरं उलटं. हां. परत सरळ..."

चौथ्या वेटोळ्याला माझं चुकलं. तिने सगळी केबल सोडून परत माझ्या हातात दिली.